बेटाच्या ब्रोशरवरचा माझा चेहरा

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी मिशिगनमधल्या ट्रॉयला एका लहानशा जाहिरात कंपनीत रिटचिंगचं काम करत होते. नवरा मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. मी नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयातून शिकलेली, आणि तिथली पदवी इथे कुणाला कळत नसे. पण हात सगळ्यांना कळतो. फोटोची मोठी प्रिंट घ्यायची, एअरब्रशने तिच्यावर रंग फवारायचा, नको ते पुसायचं, हवं ते आणायचं, आणि त्याचा पुन्हा फोटो काढायचा, हे माझं काम. सोफ्यावरची सुरकुती, केकवरचा डाग, दंतवैद्याच्या जाहिरातीतल्या बाईचा पिवळा दात. मालक म्हणायचा, तुझ्या हातून गेलेला फोटो खोटा आहे हे देवालाही ओळखता यायचं नाही. मला ते ऐकायला आवडायचं.

एका हिवाळ्यात आमच्याकडे एका बेटाचं काम आलं. नकाशावर बोटाखाली झाकून जाईल एवढं बेट. स्वतंत्र देश नव्हे, कुणाच्या तरी ताब्यातला प्रदेश. गव्हर्नर बाहेरून नेमून यायचा. त्यांना अमेरिकेतल्या पैसेवाल्यांना सांगायचं होतं की तुमची कंपनी आमच्याकडे नोंदवा. यावं लागणार नाही, टॅक्स पडणार नाही, मालक कोण हे आम्ही कुणाला सांगणार नाही. त्यासाठी एक झुळझुळीत ब्रोशर हवं होतं, आणि डेट्रॉइटच्या आसपासच्या धंदेवाल्यांसाठी हॉटेलात एक सेमिनार.

बेटावरून आलेल्या फोटोंत एक खाडीचा होता. निळं पाणी, पांढरी वाळू, आणि काठाला पत्र्याची छपरं, मासे वाळत घातलेल्या दोऱ्या, एक लांबट बैठी इमारत. मालकाने बोट फिरवलं. "हे सगळं जाऊ दे. इथे पैसा ठेवायचाय लोकांना. गरिबी दिसली की ते घाबरतात."

मी दोन दिवस बसले. छपरांच्या जागी वाळू आणली, दोऱ्यांच्या जागी माड. बैठी इमारत सर्वांत अवघड होती, कारण तिची सावली पाण्यात पडली होती. तीही पुसली. काम इतकं सुंदर झालं की मी प्रिंट उजेडाला धरून बराच वेळ पाहत राहिले.

मग कव्हर. मालकाला टेबलामागे बसलेली, हातात फोन धरलेली, हसरी स्थानिक मुलगी हवी होती. बेटावरच्या ऑफिसातल्या मुलींचे फोटो आले होते. त्याने ते पत्त्यांसारखे टेबलावर टाकले आणि म्हणाला, "फार काळ्या आहेत." मॉडेल महाग पडत होती. त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली.

"तू का नाही? तुझा रंग अगदी बरोबर आहे. मधला."

लग्नाच्या वेळी दोन ठिकाणांहून मला काळी म्हणून नकार आला होता. आई तेव्हा महिनाभर मला दुधाची साय लावत होती. आणि इथे एक गोरा माणूस म्हणत होता की माझा रंग बरोबर आहे. खरं सांगते, मला बरं वाटलं. पुढे ज्या ज्या गोष्टींचा मला राग आला, त्यात या बरं वाटण्याचा सर्वांत जास्त आला. मी पांढरा ब्लाउज घातला, केसांत कापडाचं फूल खोवलं, बंद फोन कानाला लावून हसले आणि समोर ठेवलेल्या परवानगीच्या कागदावर सही केली.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "फेमस होशील यार," आणि टीव्हीकडे वळला.

फेब्रुवारीत सेमिनारसाठी बेटावरून एक अधिकारी बाई आल्या. कंपन्यांची नोंदणी त्यांच्या हाताखाली होत असे. पन्नाशीच्या, उंच, अंगात मिशिगनच्या थंडीपुढे काहीच नाही असा पातळ कोट. मालकाने त्यांना आणायला विमानतळावर मला पाठवलं. म्हणाला, तुमचं दोघींचं जमेल. का जमेल ते त्याने सांगितलं नाही, आणि मला विचारावं लागलं नाही.

गाडीत मी हीटर वाढवला आणि त्यांच्या हातात ब्रोशर दिलं. त्यांनी कव्हर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा कव्हर.

"ही तुम्ही आहात."

"हो."

"कुठल्या तुम्ही?"

"इंडिया. नागपूर."

"माझ्या ऑफिसात अकरा मुली आहेत," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी नवे कपडे शिवून फोटो काढले होते."

मी रस्त्यावर लक्ष ठेवलं. त्यांनी पान उलटलं. खाडीच्या फोटोवर त्या इतका वेळ थांबल्या की मला वाटलं झोप लागली.

"इथे शाळा होती," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणजे आहे. या ऑफिसात येण्याआधी मी तिथे अकरा-बारा वर्षं गणित शिकवलं."

मला गप्प बसता आलं असतं. फोटो असेच आले असं म्हणता आलं असतं. पण मी म्हणाले, "ती मी पुसली. माझं कामच ते आहे."

"किती वेळ लागला?"

"दोन दिवस."

त्यांनी मान हलवली. "आम्हाला बांधायला तीन वर्षं लागली. वादळात जुनी गेली होती. माणसांनी रविवारी रविवारी येऊन भिंती उभ्या केल्या." त्या एवढंच बोलल्या, तेही हवामानाबद्दल बोलावं तसं. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये माणसं जमली. दंतवैद्य, मोटारींचे डीलर, छोट्या कारखान्यांचे मालक. आमच्या महाराष्ट्र मंडळातले एक डॉक्टरकाकाही होते. माझं काम दारात उभं राहून प्रत्येकाच्या हातात ब्रोशर देणं. मालकाने साडी नेसून यायला सांगितलं होतं. मी मुद्दाम पँट घालून गेले. एवढीच माझी बंडखोरी. लोक ब्रोशर घ्यायचे, कव्हर पाहायचे, मला पाहायचे आणि विचारायचे, "मग तिथे हवा कशी असते?" पहिल्या दोघांना मी सांगितलं की मी तिथली नाही. तिसऱ्यापासून नुसतं "छान" म्हणू लागले.

मालक बोलला, त्याचा वकील बोलला. मग अधिकारी बाईंना पाच मिनिटं दिली. भाषण मालकानेच लिहून दिलं होतं. मला मनातून खात्री होती की या बाई आता कागद बाजूला ठेवतील, शाळेचं बोलतील, पुसलेल्या छपरांचं बोलतील. मी दाराशी त्यांच्याकडे पाहत उभी होते.

त्यांनी कागद वाचला. शब्दन्‌शब्द. एका डीलरने विचारलं, "इथल्या सरकारने विचारलं की ही कंपनी कुणाची, तर तुम्ही काय सांगाल?"

"आम्ही सांगत नाही," त्या म्हणाल्या, आणि हॉल खूश होऊन हसला.

चहाच्या वेळी मी त्यांना लॉबीत गाठलं. माझा आवाज चढला होता. "तुम्ही बोलला का नाहीत? त्यांनी तुमचं गाव पुसलंय."

"तुम्ही पुसलंय," त्या म्हणाल्या. कप खाली ठेवला. "आमचा ऊस गेला. मीठ गेलं. मुलं शिकली की बोटीत बसून जातात, परत येत नाहीत. त्या अकरा मुली गेल्या नाहीत, कारण हे ऑफिस आहे. तुम्हाला माझ्या वतीने राग आलाय, त्याबद्दल आभार. पण मी काय करायचं त्याचं?"

त्या चुकीच्या होत्या असं मला वाटत होतं, आणि त्यांना चूक म्हणायचा मला काही अधिकार नव्हता, आणि या दोन गोष्टी मिळून माझं डोकं नुसतं तापत होतं.

नेमके तेव्हा डॉक्टरकाका आले. हातात ब्रोशर, चेहरा फुललेला. "वा! आपली मुलगी कव्हरवर! मी काकूला दाखवणार आहे." मग आवाज उतरवून मराठीत म्हणाले, "मी एक कंपनी घेऊन टाकतोय. तुझ्या मिस्टरांना पण सांग. इथे टॅक्स भरून काय मिळतं? सगळा जातो डेट्रॉइटमधल्या त्या लोकांना. बसून खातात. आपण मर मर मरायचं."

त्या लोकांना. म्हणजे तिथल्या काळ्या वस्तीला. हा सूर मला इंग्रजी यायच्या आधीपासून ठाऊक होता. नागपुरात कॉलेजच्या ऑफिससमोर आम्ही स्कॉलरशिपच्या रांगेत उभे असायचो, तेव्हा जाता जाता लोक हाच सूर लावायचे. सरकारचे जावई, म्हणायचे. वडील साइनबोर्ड रंगवायचे. माझे रंग, ब्रश, कॅनव्हास, फी, सगळं त्या रांगेतून आलं होतं.

"काका," मी म्हणाले, "माझं कॉलेज सरकारी स्कॉलरशिपवर झालं. कुणीतरी टॅक्स भरला होता म्हणून."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तीन वर्षं ते आमच्या घरी जेवायला येत होते. आमचं आडनाव असं की त्यावरून काही उमगत नाही, आणि आम्ही होऊन कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. लगेच हसून म्हणाले, "अगं, तुझी गोष्ट वेगळी. तू हुशार आहेस."

"वेगळी नाही. अजिबात वेगळी नाही. त्या रांगेत माझ्यापुढे आणि माझ्यामागे कितीतरी हुशार उभ्या होत्या. आणि ज्या मेडिकल कॉलेजात तुम्ही नाममात्र फीवर डॉक्टर झालात, ते कुणाच्या पैशावर चालत होतं?"

"तू उगाच पर्सनली घेतेस."

"हो, घेतेय."

लोक वळून पाहत होते. काका ब्रोशरची सुरळी करत हॉलमध्ये परत गेले. त्यांनी कंपनी घेतली की नाही मला माहीत नाही. मालक कोण ते सांगत नाहीत, तशीच रचना होती ना ती.

बाईंना परत विमानतळावर मीच सोडलं. काकांचं आणि माझं बोलणं मराठीत झालं होतं, तरी त्यांना काहीतरी समजलं असावं. उतरताना त्यांनी पर्समधून एक फोटो काढून दिला. ऑफिसच्या पायऱ्यांवर अकरा मुली, नव्या कपड्यांत, उन्हामुळे डोळे बारीक केलेल्या. "पुढच्या छपाईत हा वापरता येतो का पाहा," त्या म्हणाल्या. "कव्हरवर नको. आत कुठेही चालेल."

सोमवारी मी तो मालकापुढे ठेवला, आणि शाळेसकट असलेली खाडीची मूळ प्रिंटही. म्हणाले, पुढच्या छपाईत हे दोन्ही घ्या आणि माझा चेहरा काढा.

"तू कागदावर सही केली आहेस," तो शांतपणे म्हणाला. चिडलाही नव्हता. "आणि चेहरा चालतोय. फोन येताहेत."

"मग मी तुमच्या बेटाचं काम करणार नाही."

"नको करूस. फर्निचर कर."

मी उन्हाळ्यापर्यंत फर्निचर केलं. ताडकन राजीनामा दिला असं लिहायला आवडलं असतं, पण घराचे हप्ते होते आणि नवऱ्याच्या कारखान्यात माणसं कमी करायचं चाललं होतं. रोज सकाळी दारातल्या काचेच्या कपाटात माझा चेहरा हसत असायचा, आणि मी त्याच्याकडे न बघता आत जायचे. जूनमध्ये एका कॉलेजच्या छापखान्यात मांडणीचं काम मिळालं. पगार कमी होता. शेवटच्या दिवशी मी कपाट उघडून ब्रोशरचा गठ्ठा उचलला आणि मागच्या कचऱ्याच्या पेटीत टाकला. त्याने काय होणार होतं? गोदामात हजारो होते. तरी टाकला.

बाईंना मी पत्र लिहिलं की फोटो छापता आला नाही, माफ करा. उत्तर आलं नाही. आलं असतं तरी ते वाचायचा मला धीर झाला नसता.

त्या वर्षी दिवाळीआधी डॉक्टरकाकांचा घरी फोन आला. जणू काही झालंच नव्हतं. मंडळाची स्मरणिका निघणार होती आणि कव्हर मी करावं अशी सगळ्यांची इच्छा होती. फुकट, अर्थातच.

"नाही करणार, काका," मी म्हणाले.

"वेळ नाही का?"

"वेळ आहे."

त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. नवऱ्याने विचारलं, "एवढं काय? एक चित्र तर काढायचं होतं." मी त्याला पहिल्यांदा सगळं नीट सांगितलं. साडीचं, मधल्या रंगाचं, त्या लोकांचं. त्याने टीव्ही बंद केला आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "तीन वर्षं आपण त्यांना जेवू घातलं." एवढंच म्हणाला, पण त्यानंतर तो मंडळात गेला नाही.

काकांनी मंडळात सांगितलं म्हणे की ही मुलगी फार शिष्ट झालीय. झाले असेन.