नातवाचं नाव, तळलेला बोकड

काय सांगायचं तुम्हाला, कपाळ! म्हातारपणी लोक चष्मा विसरतात, गोळ्या विसरतात. मी माझंच नाव माझ्याच हातानं पुसलं. तेही पस्तीस माणसांसमोर, श्रीखंडाची वाटी हातात धरून. हसू नका. आधी ऐका, मग हसा.

मी शांताराम. शिक्षण चौथी. सारी हयात पिठाच्या गिरणीत गेली. बायको गेली आणि मुलीनं, स्मितानं, मला उचलून इथं अमेरिकेत, शॉमबर्गला आणून ठेवलं. इथं काय? समोर रस्ता, रस्त्यावर गाड्या, गाड्यांत माणसं. पायी चालणारा मी एकटा. जावई मार्कुस, जर्मनीचा. पोरगा चांगला आहे, पण हे त्याच्या तोंडावर मी कधी म्हणालो नाही.

स्मिताला दिवस गेले. मुलगा आहे हे इथले डॉक्टर आधीच सांगून टाकतात. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच. नातवाला आजोबाचं नाव द्यायची आमच्याकडे पद्धत. स्मिता एकुलती एक. मी मेल्यावर शांताराम म्हणून कोणाला हाक मारणार? खिडकीतल्या बर्फाला?

एकदा चहा पिताना विषय काढला. "शांताराम कसं वाटतं?"

"बाबा, प्लीज! इथं कोणाला म्हणता येणार नाही. नाव जर्मन ठेवायचं ठरलंय."

"बरं, कोणतं ते तरी कळू दे!"

ती फ्रिजवर चिकटवलेली यादी वाचायला लागली. "वुल्फगांग. वुल्फ म्हणजे लांडगा."

"लांडगा?"

"एबरहार्ड. रानडुकरासारखा दणकट."

"अगं, नाव ठेवतेस की पोराला जंगलात सोडतेस?"

"बर्नहार्ड. अस्वलासारखा शूर. जुनी नावं आहेत बाबा, तिकडे मान आहे त्यांना."

"आणि ते शेवटचं? लाल गोल केलेलं?"

ती गालात हसली. "ते सरप्राइज आहे. बारशाला सांगू."

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेले आणि मी चष्मा लावून फ्रिजसमोर उभा. माझं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांवरचं, पण अक्षरं जुळवता येतात. जी, ओ, टी, टी. गोट! पुढं एफ, आर, आय, ई, डी. हे तर पाठ! कोपऱ्यावरच्या कोंबडीच्या दुकानावर रोज वाचतो. फ्राइड.

गोट फ्राइड.

आता तुम्हीच सांगा! लांडगा झाला, रानडुक्कर झालं, अस्वल झालं. पुढं काय येणार? बोकड! आणि तोही तळलेला! बाकीची जनावरं निदान जिवंत तरी होती.

मुलीला विचारायचं ना? नाही विचारलं. आमची ही नेहमी म्हणायची, "तुमच्या बारशातच काहीतरी चुकलंय. नाव शांताराम आणि डोकं कायम तापलेलं." आठ दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. तिच्या फोटोसमोर बसून रडलोसुद्धा.

मग डोहाळजेवण आलं. हॉल भरलेला, जर्मनीहून आलेली विहीणबाई साडी सावरत बसलेली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय काका, नाव ठरलं का?"

झालं! ताडकन उठलो. "ठरलंय की! बोकड! तळलेला! फ्रिजवर लिहून लावलंय, गोट फ्राइड! माझ्या नातवाला मी ताटात वाढू देणार नाही, सांगून ठेवतो!"

मग एक पोरगी किंचाळली, "ओ माय गॉड, बेबी फ्राइड गोट!" आणि अख्खा हॉल पोट धरून हसला. मार्कुसनं आईच्या कानात काहीतरी सांगितलं. ती बाई मात्र हसली नाही. स्मिता फुलांचा मुकुट घालून खाली मान घालून बसली होती.

घरी आलो तर लाल गोलातल्या नावावर काट. मला वाटलं, जिंकलो!

बाळ झालं. लालबुंद, मुठी आवळलेल्या, कपाळावर आठ्या. थेट माझ्यावर गेलेलं. नर्सनं नावाचा फॉर्म दिला. मार्कुसनं लिहिलं, बर्नहार्ड.

"अस्वल तर अस्वल," मी म्हटलं. "बोकड तरी टळला."

स्मिता माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, ते नाव गॉटफ्रीड होतं. जर्मनमध्ये गॉट म्हणजे देव. फ्रीड म्हणजे शांती." तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. "शांत आणि राम. मार्कुसनं महिनाभर शोधलं होतं. तुमच्यासाठी."

मी फॉर्म तिच्यापुढं सरकवला. "मग... ठेव की आता. फॉर्म इथंच आहे."

"पस्तीस जणांसमोर तुम्ही त्याचा बोकड केलात, बाबा. तीच पोरं त्याच्याबरोबर मोठी होणार. जन्मभर काय म्हणतील त्याला?"

मार्कुसनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इट्स ओके, बाबा."

ओके कसलं डोंबलाचं!

आता अस्वल तीन महिन्यांचं झालं. घरात सगळ्यात शांत तेच. परवा मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला त्याला कडेवर घेऊन गेलो. दारातच पोरांनी गलका केला, "गोट आजोबा आले! गोट आजोबा!"

नातवाला माझं नाव लागलं नाही. त्याचं मला लागलं.