प्रभाकरचे केस

मिलच्या गणेशोत्सवातल्या नाटकांत मी नायक आणि प्रभाकर नायिका. त्याला टोप कधी लागला नाही. कमरेपर्यंतचे केस त्याचे स्वतःचे होते. मिल बंद पडली आणि तो एका क्लबच्या तलावावर पोहणं शिकवू लागला. पाण्यात उतरण्यापूर्वी तो केस नळाखाली भिजवी, केसांना आणि अंगाला खोबरेल चोपडी. त्यानं क्लोरीन कमी बाधे.

एकदा सेक्रेटरी म्हणाले, "भिया, तुमचं तेल पाण्यावर तरंगतंय. मेंबर लोग शिकायत करतायत."

नोकरीसाठी त्यानं तेल सोडलं. वर्षभरात केसांचा काथ्या झाला, तुटून मानेशी आले.

गल्लीच्या गणपतीत नाटक ठरलं, तेव्हा तो माझ्याकडे आला. "नाथ, एखादा टोप आहे का?"

मिलच्या नाटकांची पेटी माझ्याकडेच होती; तिच्यातले तिन्ही टोप मी काढून दिले. घालून बघताना त्यानं आरसा मागितला नाही.