दोन दोऱ्यांचा पतंग

दोन्ही मुठी छातीशी धरायच्या, आधी डावी मागे ओढायची, मग उजवी. आमच्या आळीतले शिंपी मास्तर बोलता बोलता असं करायला लागले की समजावं, पतंगाचा विषय निघाला. "दोन कासरास्वरी बैल वळस. मंग पतंग काबर वळाव नई?"

ही शहाद्यातली, साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी नवी सून होते, त्यांच्या शेजारची. मास्तर दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या गोदीत खलाशांचे कपडे शिवायला होते. तिथे म्हणे त्यांनी दोन दोऱ्यांचा पतंग पाहिला. गोरे खलाशी तो जहाजावरून उडवत, विमानासारखा गरागरा फिरवत, आणि बंदुकवाले त्याच्यावर नेम धरून शिकत.

आता तुम्हीच सांगा, कोण विश्वास ठेवील? आळी हसायची. सगळ्यांत जास्त हसायच्या त्यांच्या घरच्या, आमच्या जिजी. "च्यार वरीस लढाईवर गयात, आनि काय देखी उनात? पतंग!" आळीचं हसणं मास्तर हसण्यावारी नेत. जिजी हसल्या की मात्र सुई हातातच थांबायची.

मला भारी कुतूहल. काजं करून देण्याच्या निमित्ताने दुपारी जाऊन बसायची. त्यांनी अस्तराचं पातळ कापड बांबूच्या काड्यांवर ताणून शिवलं, डाव्या-उजव्या अंगाला एकेक दोरी बांधली. संक्रांतीला धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, चढलो. सवयीने दोन्हीकडे मांजाच लावलेला, काचेचा. पतंग चढला, वळला, त्याने एक वेढा घेतला मात्र, दोऱ्या एकमेकींत पिळल्या आणि मांजानेच मांजा कापला!

शेजारच्या धाब्यावरून आरोळी आली, "काप्यो छे! मास्तरनी सोतानाच काप्या!"

मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "पन वळना ना? तू देखं ना?" वळला होता खरा, मी पाहिलं होतं.

मग त्यांनी साधा दोरा घेतला आणि शिंपी चोळतात तसं त्याला मेण चोळलं, म्हणजे दोरे एकमेकांवरून घसरतील. पण संक्रांतीच्या आभाळात असा दोरा कोण टिकू देतंय? म्हणून सण सरू दिला. आभाळ रिकामं झालं तेव्हा गोमाई नदीच्या वाळूत गेलो. जिजींना मीच ओढून नेलं.

डावा हात ओढला, पतंग डावीकडे. उजवा ओढला, उजवीकडे. पूर्ण वेढा घेऊन पुन्हा सरळ! जिजी पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. मग पुढे झाल्या आणि नवऱ्याच्या हातातून दोन्ही दोऱ्या काढून घेतल्या.

"अवो, हाऊ तं आयकस!"

"आते माले दे ना," मास्तर म्हणाले.

"थांबा हो. आजून डावीकडे जावानं शे त्याले."

आता असे पतंग परदेशात दुकानात मिळतात, नातीने फोटो दाखवला. मास्तर नाहीत, जिजीही नाहीत. त्या दुपारी पतंग सूं करत माझ्या डोक्यावरून गेला, मी मान वाकडी करून बघत होते. मास्तर वर बघतच नव्हते. वाळूत बसून ते जिजींच्या तोंडाकडे बघत होते.