नारळी पौर्णिमेची सुटी

आमचे हे हायस्कुलात गणित शिकवत आणि घरी कापसाचा भाव ओळखायला बसत. मुंबईच्या कापूस बाजारात नोकरीला असलेला यांचा मामेभाऊ रोज कार्ड टाकायचा: आज गाठींची आवक इतकी. भाव आम्ही वर्तमानपत्रातून घ्यायचो. दोन्ही तारखेवार एका ओळीत मांडून यांनी नियम बसवला होता. आज आवक घटली, की उद्या भाव चढणार. वाढली, की उतरणार. मागच्या दोन वर्षांवर तो लावून पाहिला, तर इतक्या वेळा खरा ठरला की सुरुवातीला थट्टा करणारी मी मुकाट्याने बेरजा करायला बसले.

मामेभावाने वायद्यांच्या एका दलालाला ते कागद दाखवले. दलाल म्हणाला, नोकरी सोडून या, तुमच्या नियमाने सौदे करू. नफ्यात भागी, तोट्यातही भागी.

मला मुंबई हवी होती. खोटं कशाला बोलू? सासूबाईंच्या हाताखाली भांडी मोजून घेण्याचा मला वीट आला होता. गिरगावातल्या दोन खोल्या मी मनात झाडून, सारवूनही ठेवल्या होत्या.

त्या सोमवारी हे राजीनामा खिशात घालून शाळेत गेले. मधल्या सुट्टीत हेडमास्तरांच्या हातात देणार होते. दलालासाठी कागदांची स्वच्छ प्रत करायचं काम माझ्याकडे होतं. श्रावणाच्या पानावर आले आणि बोरू थांबला.

नारळी पौर्णिमेच्या ओळीत आवकेच्या जागी ‘बाजार बंद’ होतं, पण भाव मात्र होता. दुसऱ्या दिवशी आवक होती आणि भावाच्या जागी ‘बाजार बंद’. हिशेब करताना हे सुटीच्या ओळी गाळायचे, म्हणून ते आजवर कुणाच्या नजरेस आलं नव्हतं. पौर्णिमा कुठल्या दिवशी होती ते मला पक्कं आठवत होतं. नारळीभात करपला म्हणून त्या दिवशी मी बोलणी खाल्ली होती.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे यायचा तो डाक अंक! मुंबईत आदल्या संध्याकाळी छापायचे, रात्रीच्या गाडीने नाशिक रोडला उतरायचा, म्हणून वर तारीख उद्याची. आत भाव आदल्या दिवसाचा. मामेभावाच्या कार्डावर मात्र खरी तारीख. म्हणजे आवक घटली त्याच दिवशी भाव चढत होता, साऱ्या बाजारादेखत. आम्ही ज्याला उद्या म्हणत होतो, तो आजच होता.

सासूबाई देवळात होत्या. पदर खोचला, कडी लावली आणि निघाले. भरदुपारी मास्तरीणबाई एकटी रस्त्याने धावतेय, हे भद्रकालीतल्या दुकानदारांनी डोळे भरून पाहिलं. रविवार कारंज्याशी मी एकदा थांबले. मग जी धावले ती शाळेच्या फाटकापर्यंत.

शिपायाने यांना वर्गातून बोलावून आणलं. चेहरा संतापाने लाल.

“इथे कशाला आलीस? आई बरी आहे ना?”

“अहो, नारळी पौर्णिमेला बाजार बंद होता की दुसऱ्या दिवशी?”

“पौर्णिमेला. हे विचारायला...”

“मग आपल्या कागदावर भाव दुसऱ्या दिवशी का बंद आहे? डाक अंकावर तारीख कुठली असते?”

यांचे ओठ हलत होते, मनात ओळी सरकवत असावेत. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि पोरं आमच्या दोन्ही अंगांनी बाहेर धावली. यांनी खिशातून राजीनामा काढला, चार तुकडे केले आणि तुकडे परत खिशातच ठेवले. शाळेत कचरा करणं त्यांना खपत नसे.

रात्री जेवताना म्हणाले, “बोलली नसतीस तरी चाललं असतं. बुडेपर्यंत महिनाभर मुंबईत राहिलो असतो. तुला हवं होतं ना?”

मला रडूच फुटलं. कारंज्याशी मी थांबले होते ती याच विचाराने.