मिस्टर परबांची पेज

हसायचं नाय असं आधी कबूल करा, तर सांगतो. नायतर माझ्या इज्जतीचा जो काय चुरा उरलाय, तो पण तुम्ही फुंकून टाकाल!

सगळं सुरू झालं ते आमच्या वश्यामुळे. वश्या म्हणजे माझ्या तात्यांचा, म्हणजे चुलत्यांचा झील, मुलगा. माझ्याच वयाचा. पण कणकवलीला राहून इंग्रजी शिकतो ना, म्हणून आमच्या गावी, मिठबावला आला की चालतो असा, जसं काय त्याच्या पायाखालची वाळू त्याच्या बापसाने घातलीय. मी सातवीत दोनदा बसलो आणि दोन्हीदा तिथेच राहिलो. जागा आवडली मला, काय करणार!

तर त्या दिवशी आम्ही बागेत आंबे पेटीत भरत होतो. वश्या भरत नव्हता, वश्या बघत होता. तात्यांना मुंबईच्या एका शेटाचं बोलावणं आलेलं. हा शेट आंब्याचा रस डब्यात भरून परदेशी पाठवतो. त्याच्या माणसाने गेल्या साली आमच्या बागेतला हापूस चाखलेला. शेटाने आमच्यासाठी समुद्रासमोरच्या बड्या हॉटेलात खोली धरली. जमलं तर पुरी बाग शेटाकडे, आणि तात्यांना दर साली आंब्याच्या दलालाच्या दारात टोपी काढून उभं राहायला नको. तात्या हल्ली झोपेत पण "शेटजी, शेटजी" करायचे.

वश्याला न्यायचं, कारण वश्याला इंग्रजी येतं. मला न्यायचं, कारण पेटीला पाय नसतात.

वश्या म्हणाला, "शिरग्या, तू थय काय खातलंस रे? थय पेज गावणा नाय."

आता पेज म्हणजे काय ते सांगायला पाहिजे का? उकड्या तांदळाची, गरमागरम, पातळ, वर मिठाची कणी आणि बाजूला निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. सकाळी ती पोटात गेल्याशिवाय माझे डोळे उघडतात, पण मी उघडत नाय.

मी म्हटलं, "माका काय पेजेची गरज नाय."

"लाव पैज! मुंबयत आसस तवसर पेज मागूची नाय. तोंडातसून शबुद भायर काढूचो नाय. मागलंस तर वरीसभर माका 'वसंतराव' म्हणूचा. अहो-जाहो करून. सगळ्या वाडीसमोर."

"आणि नाय मागली तर तू माका श्रीधरराव!"

"कबूल!"

असा मी शहाणा! वर्षभर वश्या मला अहो-जाहो करतोय, या विचाराने मी एवढा फुगलो, की पेटीतला एक आंबा फुटला तो पण कळलं नाय.

आगबोटीतून उतरून हॉटेलात गेलो. काय सांगू तुम्हाला, दारात एक फेटेवाला उभा, मिशा अशा, की दोन्ही टोकांना एकेक बांगडा सुकत घालावा! त्याने वश्याला सलाम ठोकला. तात्यांना ठोकला. माझ्या डोक्यावरची पेटी बघितली आणि मला मागच्या दाराकडे बोट दाखवलं.

तिथूनच माझ्या पोटात जळायला लागलं.

खोलीची किल्ली वश्याच्या हातात. पलंग दोन, एक तात्यांना, एक वश्याला. मी गालिच्यावर. गालिचा आमच्या घरच्या गादीपेक्षा मऊ होता, पण म्हणून काय झालं? पलंग तो पलंग! वश्या वरून वाकून बघायचा आणि विचारायचा, "झोप येता मां रे खाली?"

सकाळी खायला आला भाजका पाव. चावला तर असा आवाज, की शेजारच्या टेबलावरची मडम दचकली. वश्या काट्याने अंडं खात होता. माझं अंडं काट्याला घाबरून तात्यांच्या ताटात गेलं. तात्या म्हणाले, "ऱ्हवांदे, मी खातंय." झाला माझा नाश्ता!

मग तात्या म्हणाले, "शेटजींचो सांगावो खाली येतलो. त्याच्याआधी मी दाढी करून येतंय. वसंता, तू चल, त्या न्हाव्याक इंग्लिशीत सांगूक व्हया. शिरग्या, तू खाली पेटीकडे बस. खंय हलू नको."

म्हणजे वश्याची पण दाढी! अहो, त्याच्या गालावर जेवढे केस, त्याहून जास्त आमच्या नारळाच्या शेंडीला असतात!

मी खाली त्या मोठ्या दिवाणखान्यात पेटी पायाशी धरून बसलो. पोटात भुकेने नुसता दशावतार चाललेला. एवढ्यात टिंग टिंग करत एक पोरगा आला. लाल कोट, पितळेची बटणं, हातात काठीवर पाटी. आणि ओरडतो काय?

"पेज… मिस्टर मेहता! पेज… मिस्टर मेहता!"

मी ताठच झालो. कानात बोट घालून हलवलं. परत तेच! पेज!

बाजूला एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते. मी विचारलं, "काय हो, तो पोरगा कोण?"

ते पेपरातून मान न काढता म्हणाले, "तो? तो पेज-बॉय."

घ्या! मुंबईत पेजेला वेगळा बॉय! आणि वश्या म्हणतो पेज गावणा नाय!

एक जाडा साहेब उठला, पोराच्या मागून काचेच्या दारापलीकडे गेला. थोड्या वेळाने बाहेर आला, तोंड लालबुंद, कपाळ रुमालाने पुसतोय. मी मनात म्हटलं, गरम होती वाटतं! फुंकून खायची ना, येड्या!

मग दुसऱ्याचं नाव आलं. तो हसत बाहेर आला. त्याला बांगडा पण मिळाला असणार.

मग तिसऱ्याचं. मला असा राग आला म्हणून सांगू! ह्या सूटबुटवाल्यांना, ज्यांच्या सात पिढ्यांनी चुलीवरची पेज बघितली नाय, त्यांना नाव घेऊन, घंटा वाजवून पेज! आणि आम्ही पेजेवर वाढलेले, आम्ही इथे भाजका पाव गिळून बसलोय! माझी नजर त्या काचेच्या दाराला अशी चिकटली, की दार वितळलं नाय हेच नवल.

पण मागायची कशी? पैज होती ना! मग डोक्यात उजेड पडला. मागायची नाय असं ठरलंय. आपणहून आली तर? आपणहून आलेली पेज म्हणजे काय मागितलेली पेज नव्हे!

आणि तेवढ्यात टिंग टिंग…

"पेज… मिस्टर पाराब! पेज… मिस्टर पाराब!"

मी एवढ्या जोरात उठलो, की म्हाताऱ्याचा पेपर उडाला. "हय! परब हय आसा! मीच परब!"

परब मी आहेच की! तात्या परब, वश्या परब, मी पण परबच. खोटं काय बोललो?

पोराने मला काचेच्या दारामागे नेलं. तिथे एक कपाटाएवढी खोली. आत स्टूल, आणि फोन बाजूला काढून ठेवलेला. मी बसलो. पोरगा गेला. वाडगा दिसेना. मग फोनमधून कोण तरी "हॅलो, हॅलो" करायला लागलं. अच्छा, म्हणजे कशी पाहिजे ते इथे सांगायचं! बडं हॉटेल ना! मी शाळेतलं सगळं मराठी काढलं आणि फोन तोंडाला लावला.

"परब का?"

"परबच!"

"मला घाई आहे, पटकन बोला. किती धरू?"

"दोन."

"दोनशे?"

"छ्या! दोनशे काय सगळ्या वाडीला घालायचे आहेत? दोन!"

"फक्त दोन? अहो, मला वाटलं भरपूर असेल."

"आता दोन. उद्या सकाळी परत दोन. मी एकटाच आहे." वश्याला एक सांगावं असं क्षणभर मनात आलेलं. पण तो पलंगावरून वाकून बघतो ना? मग नाय मिळणार!

"बरं, माल कसा आहे? घट्ट आहे ना?"

माल! मुंबईत पेजेला माल म्हणत असतील.

"घट्ट नको! घट्ट आजाऱ्याला देतात. पातळ! एकदम पाण्यासारखं पातळ!"

"काय? पाण्यासारखं?"

"हां. आणि कमी पातळ वाटलं तर वरून पाणी घालायचं."

तो माणूस हळूच विचारतो, "तुम्ही… पाणी घालता?"

"घालावंच लागतं! आमच्याकडे सगळेच घालतात!"

"आणि… वास?"

"वास येणारच! बाजूला सुका बांगडा असल्यावर वास नाय येणार तर काय? वासाबिगर मजा नाय!"

फोनमधून असा आवाज आला, जसा गळाला लागलेला गोबरा मासा करतो. मग म्हणाला, "तुम्ही तिथेच थांबा. मी स्वतः येतो."

"तुम्ही कशाला? कोणाच्या तरी हाताने पाठवून द्या!"

कट्! मी फोन होता तसा बाजूला ठेवला आणि वाट बघत बसलो. पेज काय आली नाय. शेवटी म्हटलं, बाहेर आणून देत असतील. कपाळ पुसतच बाहेर आलो. रीत असेल तर असू दे!

बाहेर तात्या आणि वश्या आलेले. वश्याच्या गालावर असा वास, जसं काय अत्तराची बाटली त्याच्यावर पडून मेलीय. मी म्हटलं, "वश्या, वाट बघ. आता गंमत दाखवतंय तुका."

गंमत आली ती मोटारीतून. गोरापान, धोतर, काळा कोट, आणि चेहरा शिजलेल्या कुर्लीसारखा लाल. "परब कोण?"

तात्या हात जोडून उठले. "मी, शेटजी."

शेटजी! माझ्या पोटातली भूक एकदम खाली बसली. हा आवाज… हा आवाज तर पेजवाल्याचा!

"काय हो, माझा माणूस म्हणतो तुमची पूर्ण बाग आहे. आणि तुम्ही मला दोन आंबे देणार? ते पण पाणी घातलेले? बांगड्याच्या वासाचे? परदेशी साहेबाला मी काय हुंगायला देऊ?"

तात्या गोंधळून म्हणाले, "शेटजी, असं कोण बोललं?"

"तुम्ही! आता फोनवर!"

"मला फोन धरायला सुद्धा येत नाय हो!" आणि तात्या हळूहळू वळले. माझ्याकडे नाय. वश्याकडे! "वसंता, न्हाव्याकडसून मधीच उठून खंय गेल्लंस रे तू?"

"बाबानू, मी नुसतो आरसो बघूक…"

"आरसो! आमच्यात फोन धरूक येणारो तूच एकटो! माझ्या बागेक बांगड्याचो वास?"

आता तुम्हाला खरं सांगू? मला बरं वाटलं. एवढं बरं, की भूक विसरलो. सलाम वश्याला, किल्ली वश्याला, पलंग वश्याला. आता शिव्या पण वश्याला! घे मेल्या! मी छताकडे बघत उभा राहिलो, जसं काय तिथे मला कोणीतरी ओळखीचं दिसलंय.

पण मग शेटजी वळले. "राहू द्या परब. दुसरा कोणी बघतो." तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरली. तशीच, दलालाच्या दारात धरतात तशी.

ते बघून मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण आला नुसता भात शिजल्यासारखा बुडबुड आवाज.

एवढ्यात… टिंग टिंग!

"पेज… मिस्टर पाराब! पेज…"

तो फोन मी उघडा ठेवलेला, त्याची चौकशी करायला पोरगा आलेला. पण हे, आणि साहेबांच्या भाषेत 'पेज' म्हणजे फोन आलेल्याला नाव पुकारून हुडकणं, हे मला नंतर कळलं. तेव्हा कान आणि पोट यांच्यामध्ये डोकं लागतंच नाय हो! माझा हात आपोआप वर गेला, आणि मी बोंबललो,

"हय! हय! इली माझी पेज! दोन सांगितलंय, पातळ!"

ती मडम परत दचकली. शेटजी दारात थांबले.

"पेज?" शेटजी म्हणाले. "पातळ? …दोन?"

मग काय, सगळं सांगितलं. पैज, पाव, जाड्या साहेबाचा रुमाल, कपाटाएवढी खोली. "व्हय तात्यानू, फोनवर मीच होतंय. वश्याची काय चूक नाय. शेटजी, आमच्या हापुसात पाणी नाय, पाणी पेजेत."

शेटजी कोचावर बसले. आधी खांदे हलायला लागले, मग पोट, मग अख्खा कोच. एवढे हसले, की फेटेवाला बाहेरून धावत आला. मग पेटी उघडायला लावली. सुरी आली, पण तात्यांनी नाय घेतली. आंबा हातात घोळवला, देठ काढला आणि दिला. शेटजींनी चोखला. कोटाच्या बाहीवरून रस कोपरापर्यंत गेला. मग दुसरा मागितला.

"परब," ते म्हणाले, "पुरी बाग माझी. टोपी घाला डोक्यावर."

तात्यांनी टोपी घातली, आणि मला एक टप्पल हाणली. दोन्ही कामं एकाच हाताने!

जाताना शेटजींनी हॉटेलवाल्याला सांगितलं, "ह्या पोरासाठी भाताची पेज करा. पातळ." आणि खरंच आली हो! चांदीच्या वाडग्यात, वाफा निघताहेत, बरोबर पापड. बांगड्याला हॉटेलवाल्याने हात जोडले असणार.

वाढप्या आला. आम्हा दोघांकडे बघितलं. एक अत्तर लावलेला, दाढी केलेला. एक आंब्याच्या पेटीवर बसलेला. वाढप्याने वाडगा ठेवला वश्यासमोर, सलाम ठोकला आणि गेला.

वश्याने चमचा उचलला. वाफेवर फुंकर घातली. माझ्याकडे बघितलं, पलंगावरून बघायचा तसंच.

"काय रे शिरग्या, शेटजींकडे फोनवर काय मागलंस तू?"

"…पेज."

"किती?"

"दोन."

"मगे? आता हो वाडगो व्हयो काय तुका?"

मी आजूबाजूला बघितलं. तात्या मिशीत हसत होते. म्हाताऱ्याने पेपर खाली केलेला. तो लाल कोटवाला पोरगा पण पाटी घेऊन थांबलेला. पोट म्हणत होतं बोल, जीभ म्हणत होती मर. तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्यात कोण जिंकतं ते.

"वसंतराव," मी म्हटलं, "वायच हय सरकवतास?"