कोणतं बोट सोडू

तेलीबांध्याच्या एका लग्नघरी ती मेंदी काढायला आली होती. भाव सांगितला आणि मेंदीच्या कोनाचं टोक कापू लागली. हसली नाही.

नवरीची आई, म्हणजे आमच्या काकू, म्हणाल्या, "काही कमी कर न दीदी, घरचंच काम हाये."

तिनं नवरीचा हात उचलून धरला. "हव, करून देते कमी. कोणतं बोट सोडू?"

काकूंनी भाव कबूल केला. मग माझ्याकडे वळल्या. "पाह्य, बाहेरचे कसे लुटून राहिले. तू लग्नाची पत्रिका बनवली, पण एक रुपया नाही घेतला."

मेंदीवालीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

पत्रिका बनवूनच माझं पोट भरतं, हे काकूंना ठाऊक होतं. मी हसले. पैसे सांगायच्या वेळीही अशीच हसले होते.