पोळ्याला रंगवलेली जीप

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे रंगरावांचा गोठा आहे. सोसायटीची जमीनही कधीकाळी त्यांचीच. त्यांच्याकडे उरल्या होत्या दोन म्हशी आणि एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप. टेम्पो रुततो अशा चिखलात ही जीप आरामात जायची. तोड चालू असलेल्या उसाच्या शेतातून रंगराव तिच्यात म्हशींसाठी उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं भरून आणायचे.

यंदा जीपच्या आरटीओ पासिंगची मुदत संपत आली. त्यांचा मुलगा विक्रम हिंजवडीत नोकरीला. त्यानं एका वाक्यात निकाल लावला, "आबा, पास झाली तर ठेवा, नाहीतर जीप भंगारात आणि म्हशी बाजारात."

"म्हशी गेल्यावर मी करू काय?" रंगराव मला भिंतीवरून विचारत होते. "वहिनी, मोबाइलवर बघा की जरा. पासिंगला न्यायच्या आधी स्वस्तात रंग कुठं हुतोय?"

मी फोनाफोनी केली. सगळा पत्रा खरवडून बंद शेडमध्ये फवाऱ्यानं रंग देणारा एक सापडला. त्याचा भाव ऐकूनच रंगरावांनी हात जोडले. दुसरा म्हणाला, गंजलंय तेवढं घासा, प्रायमर लावा, वरून ब्रशनं ऑइलपेंट मारा. शेतातल्या गाडीला पुरे. मला ते पटलं.

"पण जुना रंग आधी काढावा लागेल," मी म्हटलं.

"काढायचा कशाला? दरसाल एक हात देतोय मी. रंगच रंग हाय तिच्यावर!"

ते खरंच होतं. बैल विकल्यापासून पोळ्याला ते जीपच पुजायचे. पहाटे पंपाच्या पाण्यानं तिला खालून-वरून धुवायचे, आणि बैलाला अंघोळीनंतर लगेच सजवतात तसं, लोखंड ओलं असतानाच पार खालच्या चासीपर्यंत रंग फासायचे. ऊन चढायच्या आत हार पडायला हवा ना! त्यांच्या पत्नी सोजरबाई बॉनेटवर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवायच्या. मी खिडकीतून कौतुकानं बघायची.

तो दुसरा, साईनाथ पेंटर, गोठ्यातच आला. त्यानं रंग खरवडायची पत्री लावली तशी चासीवरच्या रंगाची जाड साल निघाली आणि आतून तांबडा, ओलसर भुगा पडला. त्यानं स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला.

"आबा, हिला रंगानंच उभं धरलंय."

"पत्र्याची पट्टी मार."

"मारतो. पण पास होईल असं माझ्या तोंडून वदवून घेऊ नका."

पट्ट्या मारल्या, रंग दिला. गर्द हिरवी जीप इतकी देखणी दिसत होती की सोजरबाईंनी तिची दृष्ट काढली.

कागदपत्रं समजायला कुणीतरी हवं म्हणून मीही पासिंगला गेले. साहेबांनी चासीवरचा नंबर घ्यायला कागद धरून पेन्सिल घासली. कागदावर काही उमटेना. रंग खरवडला, पुन्हा घासली. गंजानं आकडे खाल्ले होते.

"परवानगी घेऊन नंबर पुन्हा ठोकता येतो," साहेब बोटानं चासी दाबत म्हणाले, "पण काका, ठोकणार कशावर? ही घेऊन रस्त्यावर फिरू नका. मध्येच मोडेल."

परतताना रंगराव गाडी अगदी हळू चालवत होते. एका खड्ड्यातून जीप जपून काढत म्हणाले, "वहिनी, खरं सांगा. कशानं झालं हे?"

खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही. "ओल्यावर रंग बसायचा ना, पाणी आतच कोंडून राहायचं."

"म्हंजी मीच."

मी मांडीवरची कागदपत्रं पिशवीत घातली.

विक्रमनं शब्द पाळला. विक्रमसमोरच मी भंगारवाल्याला म्हटलं, "अहो, नवा रंग आहे तिला." तो हसला. "ताई, आम्ही लोखंडाचं वजन करतो." पुढच्याच आठवड्यात म्हशीही गेल्या.

आताही रंगराव पहाटेच उठतात. मोकळा गोठा झाडतात, अंघोळ करून दारात बसतात. सोजरबाई आतून म्हणतात, "अहो, जरा जाऊन या की कुठं."

"कुठं?" रंगराव विचारतात.

त्या आत भांडी घासत राहतात.